‘स्टेबल ब्लॉक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या सरदारी वाड्यावरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यातल्या ‘स्टेबल ब्लॉक’ला, म्हणजे घोडी बांधायच्या इमारतीला, संगणकाने ‘स्थिर ठोकळा’ सुचवलं. ‘तबेला’ चालेल का?

अर्थाने चुकीचा नाही, पण तबेला म्हटलं की आज आपल्याला म्हशी दिसतात आणि शेणाचा वास येतो. चॅट्सवर्थची ही इमारत वास्तुरचनाकार जेम्स पेनने वाड्याचे मालक, डेव्हनशरचे चौथे ड्यूक, यांच्यासाठी 1760च्या सुमारास बांधली. दुमजली, चौरस, एकेक बाजू सुमारे 190 फूट. दारावर ग्रीक धाटणीचे चार डोरिक खांब, घराण्याचं कोरीव चिन्ह, वर घड्याळाचा मनोरा. दोन पूर्णाकृती दगडी हरणं आहेत, त्यांची शिंगं मात्र खरी! याला तबेला म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मी ‘पागा’ लिहीन. मूळ फारसी, पण मराठेशाहीत पुरता मुरलेला शब्द. पागा म्हणजे घोडी बांधायची जागा आणि घोडदळाचं पथकही, त्यामुळे रुबाब आपोआप येतो. ‘अश्वशाळा’ पौराणिक नाटकात शोभेल. ‘ब्लॉक’ वेगळा सांगायचा असेल तर पहिल्यांदा ‘चौसोपी पागा’ म्हणा, मधल्या चौकासकट सगळं आलं. या पागेच्या मागच्या बाजूला सहाव्या ड्यूकने बग्ग्यांसाठी इमारत बांधली, तिला ‘गाडीखाना’. पुण्यात हे नाव अजून ऐकू येतं.

चॅट्सवर्थच्या पागेत 80 घोड्यांची सोय होती. त्या एकेका कप्प्याला ‘खण’ किंवा ‘कप्पा’ लिहू नका, घोड्याच्या जागेला मराठीत ‘ठाण’ आहे. वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारं आणि नोकरांच्या खोल्या होत्या. घोड्यांची निगा राखणाऱ्या ‘ग्रूम’ला मोतद्दार म्हणता येईल.

आणि गंमत बघा. ठाण आलं ‘स्थान’वरून, म्हणजे ‘स्था’ धातूवरून. इंग्रजी ‘स्टेबल’ लॅटिन ‘स्टाब्युलम’वरून, म्हणजे उभं राहायची जागा, आणि त्याचंही मूळ ‘स्था’च्याच कुळातलं. ‘स्थिर’ या अर्थाचा ‘स्टेबल’ही त्याच घरचा. म्हणजे संगणक चुकला, पण भाऊबंदांतच चुकला. ‘ठोकळ्या’ला मात्र माफी नाही.

शेवटची घोडी 1939 साली गेली, आता तिथे उपाहारगृह आहे. त्या परिच्छेदात ‘जुनी पागा’ लिहा, नाहीतर वाचकाला वाटेल की लोक घोड्यांशेजारी बसून चहा पितायत.