चुकीचं मत दिलं म्हणून स्टेक कापायचा का?

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर व्यवहार तपासणाऱ्या व्हॅलिडेटरने गडबड केली की त्याचा स्टेक (तारण ठेवलेले पैसे) कापला जातो. मग डीएओमध्ये, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या (टोकनच्या) मतांवर चालणाऱ्या संस्थांमध्ये, टोकनवाले वाट्टेल ते प्रपोजल पास करतात, पुढे नुकसान झालं तर कुणालाच काही नाही, असं का? त्यांचेही पैसे कापले तर गव्हर्नन्स सुधारेल ना?

उत्तर: तुमची चिडचिड अगदी रास्त आहे, पण स्लॅशिंग (स्टेक कापणं) नक्की कशासाठी होतं ते आधी बघूया. इथेरियम 15 सप्टेंबर 2022 ला प्रूफ ऑफ स्टेकवर (स्टेक ठेवून चेन चालवण्याच्या पद्धतीवर) गेलं, तिथे व्हॅलिडेटरला किमान 32 इथर (इथेरियमची नाणी) ठेवावे लागतात, आणि त्याने एकाच स्लॉटसाठी (ठरलेल्या वेळेसाठी) दोन वेगळे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) सही करून पाठवले तर त्या दोन सह्या हाच पुरावा, कुणीही तो चेनवर दाखवू शकतं, वाद घालायला जागाच नाही. एकट्याने केलं तर दंड थोडा, बऱ्याच जणांनी एकाच सुमारास केलं तर जवळजवळ सगळा स्टेक जाऊ शकतो.

आता समजा तुम्ही एखाद्या टीमला ट्रेझरीतून पैसे द्यायच्या बाजूने मत दिलं आणि ती टीम वर्षभराने बुडाली. तुमचं मत लबाडीचं होतं की फक्त अंदाज चुकला, हे कुठल्या कोडला कळणार? ते ठरवायला परत मतदानच घ्यावं लागेल आणि तिथे ज्याच्याकडे टोकन जास्त तो इतरांचे पैसे कापणार. मला हे फार घातक वाटतं, कारण मग छोटा टोकनवाला एकतर मोठ्यांच्या मागे जाईल नाहीतर मत देणंच सोडून देईल.

म्हणून मताला दंड नको, पण मत देणाऱ्याचे पैसे निकालाबरोबर अडकले पाहिजेत. ते अडकले नाहीत तर काय होतं हे बीनस्टॉक या क्रिप्टो प्रोटोकॉलमध्ये दिसलं. 17 एप्रिल 2022 ला एकाने सुमारे 100 कोटी डॉलरचं फ्लॅश लोन (तारणाशिवाय घेऊन त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये फेडायचं कर्ज) उचललं, त्यातून दोन तृतीयांशाहून जास्त मतं मिळवली, आदल्या दिवशी स्वतःच टाकून ठेवलेलं प्रपोजल पास केलं, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडून टाकलं, हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. प्रोटोकॉलचं नुकसान सुमारे 18 कोटी डॉलरचं. काही सेकंदांपुरता मालक झालेल्या माणसाला पूर्ण मताधिकार मिळत होता, सगळी गोम तिथे होती.

पोल्काडॉट या ब्लॉकचेनने याला चांगला उपाय काढलाय. टोकन लॉक न करता मत दिलं तर त्याचं वजन फक्त 0.1 पट, 224 दिवस लॉक केलं तर 6 पट. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे लॉक फक्त जिंकलेल्या बाजूला लागतो, हरलेले लगेच मोकळे. ज्यांनी निर्णय घडवून आणला त्यांनीच थांबून त्याचे परिणाम बघायचे.

प्रश्न: म्हणजे लॉक केलं की प्रश्न मिटला?

उत्तर: नाही ना! लॉक कुणाच्या पैशाला लागतोय हे बघायलाच हवं. स्टीम या ब्लॉकचेनवर मत द्यायला टोकन पॉवर-अप (लॉक) करावे लागायचे आणि ते पूर्ण बाहेर काढायला 13 आठवडे लागायचे, कागदावर भक्कम नियम. 2020 मध्ये क्रिप्टो उद्योजक जस्टिन सनने स्टीममागची स्टीमिट कंपनी विकत घेतली, समुदायाच्या विटनेसनी (ब्लॉक तयार करणाऱ्या, मतांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी) कंपनीचे टोकन गोठवले, मग मार्चच्या सुरुवातीला बायनान्स, हुओबी, पोलोनिएक्स या एक्सचेंजकडच्या टोकनची मतं सनच्या बाजूने पडली आणि समुदायाने निवडलेले विटनेस बाहेर फेकले गेले. ते टोकन होते ग्राहकांनी एक्सचेंजवर ठेवलेले. म्हणजे मत एक्सचेंजचं आणि लॉक ग्राहकाच्या पैशाला, त्याला कुणी विचारलंही नाही. पुढे ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मतं मागे घेतली, पण तोवर विश्वास उडाला होता आणि 20 मार्च 2020 ला समुदाय फोर्क करून हाइव्ह नावाच्या वेगळ्या चेनवर गेला. तुमचे टोकन एक्सचेंजवर पडून असतील तर ही घटना जरूर लक्षात ठेवा.

प्रश्न: माझे थोडे ॲटम (कॉसमॉस चेनची नाणी) एका व्हॅलिडेटरकडे डेलिगेट आहेत, म्हणजे त्याच्यामार्फत स्टेक केलेत. कॉसमॉसवर प्रपोजल पडलं तर माझे पैसे जातात का?

उत्तर: नाही, प्रपोजल पडलं म्हणून तुमचे जात नाहीत. तिथे डिपॉझिट प्रपोजलसाठी ठेवलेलं असतं आणि आपल्याकडे उमेदवाराला एक षष्ठांशही मतं पडली नाहीत की डिपॉझिट जप्त होतं तसाच काहीसा प्रकार आहे, फक्त इथे साधा विरोध चालत नाही, एक तृतीयांशाहून जास्त मतं ‘नो विथ व्हेटो’ (कडक नकार) पडली तर डिपॉझिट जाळलं जातं, म्हणजे कायमचं नष्ट होतं. नुसतं हरलं तर परत मिळतं, आणि हा फरक मला फार योग्य वाटतो, कारण प्रामाणिक पण न पटलेल्या प्रस्तावाला शिक्षा कशाला? 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ॲटम 2.0 चं (ॲटमच्या नव्या आराखड्याचं) मोठं गाजलेलं प्रपोजल व्हेटोमुळेच पडलं होतं.

तुमचे ॲटम कापले जातील ते व्हॅलिडेटरने दोनदा सही केली तर, 5 टक्के, आणि त्याचा सर्व्हर बराच वेळ बंद राहिला तर अगदी किरकोळ. आणखी एक, तुम्ही स्वतः मत दिलं नाही तर व्हॅलिडेटरचं मत तेच तुमचं धरलं जातं. तुम्ही वेगळं मत दिलंत की तुमच्या वाट्याचं त्याचं मत रद्द होतं, त्यासाठी अनस्टेक करायची गरज नाही. अनस्टेक केलंत तर 21 दिवस थांबावं लागेल, तेव्हा व्हॅलिडेटर पटत नसेल तर रीडेलिगेट करा (दुसऱ्या व्हॅलिडेटरकडे वळवा), त्याला वाट बघावी लागत नाही.