कधी आजारीच पडले नाही, मग अँटीबॉडी आल्या कुठून?

प्रश्न: डॉक्टर, मी हॉस्पिटलात नर्स आहे. कोविडच्या अख्ख्या काळात ड्यूट्या केल्या पण ना ताप आला ना खोकला, आरटीपीसीआर दोनदा केली तीही निगेटिव्ह. तेव्हा आमच्या स्टाफचं रक्त तपासलं होतं त्यात माझ्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह होत्या. तो रिपोर्ट चुकला होता का? की मी घरी सासूबाईंना लागण देत होते आणि मला पत्ताच नव्हता? हे मनातून जातच नाही.

उत्तर: ताई, तो रिपोर्ट परत काढा आणि कुठली अँटीबॉडी तपासली ते बघा, सगळी गोम तिथेच आहे. स्पाइक (व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांविरुद्धची) लिहिलं असेल आणि त्याआधी तुम्ही लस घेतलेली असेल तर ती लसीचीही असू शकते, पण न्यूक्लिओकॅप्सिड (व्हायरसच्या आतल्या भागाविरुद्धची) असेल तर बहुतेक लागण होऊन गेलेली (अख्खा निष्क्रिय व्हायरस वापरलेली लस घेतली असेल तर मात्र हीसुद्धा येते). वापरलेली सुई चुकून टोचल्यावर आपण हिपॅटायटिस बी तपासतो तिथेही हेच, लसीने फक्त सरफेस (बाहेरच्या आवरणाविरुद्धची) अँटीबॉडी येते, कोअर (आतल्या गाभ्याविरुद्धची) अँटीबॉडी दिसली की समजायचं खरा व्हायरस कधीतरी येऊन गेलाय.

पीसीआरचं म्हणाल तर नाकात व्हायरस असतो तेवढेच दिवस ती नीट पकडते, आणि अँटीबॉडी बनायला एक ते तीन आठवडे लागतात पण मग त्या कित्येक महिने राहतात, त्यामुळे तुमचे दोन्ही स्वॅब चुकीच्या दिवशी पडले असणं अगदी शक्य आहे.

आता रिपोर्ट चुकण्याबद्दल. समजा १००० जणांच्या स्टाफमध्ये ५० जणांना लागण झालेली आहे आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी, म्हणजे लागण झालेल्यांत आणि न झालेल्यांतही, ९५ टक्के बरोबर, तर खरे पॉझिटिव्ह साधारण ४७-४८ येतील आणि उरलेल्या ९५० मधून खोटे पॉझिटिव्हही तेवढेच! म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्मे चुकीचे. लागण जास्त पसरलेली असेल तर हा घोळ कमी होतो, नाहीतर वेगळ्या किटवर परत तपासणं उत्तम.

सासूबाईंचं: हा रिपोर्ट लागण कधी झाली ते सांगत नाही आणि तुमच्याकडून कुणाला गेली का हे तर मुळीच नाही. लक्षणं असतील त्यांचीच टेस्ट हा नियम कित्येक ठिकाणी होता, तुमच्यासारखे त्यातून सुटणारच होते, तो दोष स्वतःवर घेऊ नका, मनापासून सांगतोय.

ब्रिटनमध्ये सायरन नावाच्या अभ्यासात हॉस्पिटलच्या हजारो कर्मचाऱ्यांना तपासत राहिले तेव्हा आधी लागण झालेल्यांना पुन्हा होण्याचा धोका ८४ टक्के कमी दिसला, पण तो ओमिक्रॉनच्या आधीचा काळ, म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून मास्क काढायचा नाही. आणि निगेटिव्ह आलेल्यांनीही कधी लागण झालीच नाही असं धरू नये, सौम्य लागणीनंतर अँटीबॉडी उतरतात.

एक करा, पुढच्या वेळी तपासणी निघाली की यादी बघा. सफाईवाले, वॉर्डबॉय, लॉन्ड्रीतले लोक त्यात बरेचदा नसतात, आणि तुमच्यासोबत त्याच छोट्या खोलीत मास्क हनुवटीवर ओढून जेवायला तेही बसतात. त्यांचंही रक्त घ्यायला सांगा.