‘बर्लेस्क’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: बर्लेस्कवरच्या, म्हणजे थट्टा, साजशृंगार आणि एकेक कपडा उतरवत केलेला नाच यांची मिसळ असलेल्या पाश्चात्त्य रंगमंचीय खेळावरच्या, एका लेखाचा अनुवाद चालू आहे. लेखात ‘मॉडर्न बर्लेस्क परफॉर्मर्स’ आणि त्यांच्या ‘व्हिंटेज ग्लॅमर’बद्दलची मतं आहेत. यांना ‘आधुनिक तमाशा नर्तकी’ आणि ‘जुनाट झगमगाट’ म्हटलं तर चालेल का? ‘स्ट्रिपटीज’साठी कुणी ‘वस्त्रहरण’ सुचवलंय, ते कसं वाटतं?

‘वस्त्रहरण’ आधी खोडा. हरण करणारा दुसरा असतो. इथे बाई स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या तालावर कपडे उतरवते आणि कुठे थांबायचं तेही तीच ठरवते. ‘वस्त्रत्याग’ म्हणावं तर कुणी दीक्षा घेतल्यासारखं वाटतं. ‘नग्ननृत्य’ तर माहिती म्हणूनच चूक, कारण बर्लेस्कमध्ये शेवटीही सहसा अंगावर काहीतरी राहतंच. ‘स्ट्रिपटीज’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘एकेक कपडा उतरवत प्रेक्षकाला झुलवत ठेवणारा नाच’ अशी फोड करा. त्यातल्या ‘टीज’ला ‘छेडणं’ म्हणू नका, त्याचा रोख भलतीकडेच जातो. ‘झुलवणं’ किंवा ‘हुलकावणी देणं’ नेमकं बसतं.

आता मूळ शब्द. इटालियन ‘बुर्ला’ म्हणजे थट्टा, त्यावरून ‘बुर्लेस्को’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘बर्लेस्क’. सतराव्या शतकात हा साहित्यातला शब्द होता: भारदस्त काव्याची टर उडवणारं लेखन. त्या अर्थाला मराठीत ‘विडंबन’ तयार आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर ऑपेरांची आणि ग्रीक देवादिकांची खिल्ली उडवणारे खेळ याच नावाने होऊ लागले. 1868मध्ये इंग्रज नटी लिडिया थॉम्प्सन आपला संच घेऊन न्यूयॉर्कला गेली. बायका तंग पायमोज्यांत पुरुषपात्रं रंगवतात, वर चुरचुरीत बोलतातही, याने तिकडे खळबळ उडाली. पुढे अमेरिकेत विनोदवीरांचे प्रवेश, गाणी आणि नाच अशी मिसळ झाली, विसाव्या शतकात तीत स्ट्रिपटीज वरचढ ठरला, आणि 1937मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या प्रशासनाने ही थिएटरं बंद पाडली. जाहिरातीत ‘बर्लेस्क’ हा शब्द वापरायलाही मनाई झाली. तुमच्या लेखातला बर्लेस्क मात्र 1990च्या दशकात झालेलं पुनरुज्जीवन आहे.

म्हणून ‘विडंबन’ आणि ‘प्रहसन’ हे कोशांतले अर्थ चुकीचे नसले तरी तुमच्या कामाचे नाहीत. ते जुन्या अर्थाचे आहेत. ‘कॅबरे’ही नको. तिकडे कॅबरे म्हणजे खाता-पिता करमणूक पाहण्याची जागा आणि तिथला कार्यक्रम. आपल्याकडे हिंदी सिनेमामुळे तो एका विशिष्ट नाचाचं नाव होऊन बसलाय, त्यामुळे घोटाळा वाढेल.

‘तमाशा’ सुचणं मी समजू शकतो, आणि साम्य वरवरचंही नाही. गवळणीत पेंद्या आणि मावशी देवाचीच फिरकी घेतात, बतावणीत सोंगाड्या हजरजबाबी कोट्या करतो. लंडनच्या रंगमंचावरची देवांची टवाळी आणि अमेरिकी खेळातला ढगळ विजारीतला विनोदवीर याच जातकुळीचे. पण लावणीची सगळी अदा नऊवारी नेसून, अंगभर कपड्यांत होते. तिथे डोळा, भुवई आणि पदर बोलतात, कपडा उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ‘तमाशा नर्तकी’ म्हटलं की वाचकासमोर ढोलकी आणि घुंगरं येणार. तुलना करायची तर अनुवादकाची टीप म्हणून करा, नाव म्हणून नको.

माझा कौल: ‘बर्लेस्क’ तसाच घ्या आणि पुल्लिंगी चालवा, फार्स-तमाशासारखा: ‘तो बर्लेस्क’, ‘बर्लेस्कमध्ये’, ‘बर्लेस्कचा’. सादर करणाऱ्यांना ‘बर्लेस्क कलाकार’ म्हणा. ‘बर्लेस्कवाली’तला ‘वाली’ हिणकस वाटतो, आणि या क्षेत्रात पुरुषही आहेत, त्यांच्या प्रकाराला ‘बॉयलेस्क’ म्हणतात.

‘मॉडर्न’पाशी जरा थांबा. या मंडळींत ‘क्लासिक’ आणि ‘निओ’ असे दोन पंथ आहेत. क्लासिक म्हणजे 1930 ते 50च्या दशकांतला थाट: पिसांचे पंखे, लांब हातमोजे, कॉर्सेट. निओ म्हणजे आजचे विषय, राजकीय टोमणे, कधी मुद्दाम ओंगळ विनोद. प्रचंड मार्टिनी ग्लासात उतरणारी डिटा व्हॉन टीज आजची कलाकार असली तरी शैलीने क्लासिक. तेव्हा ‘मॉडर्न’ जर ‘आजचे’ या अर्थी असेल तर ‘आजचे बर्लेस्क कलाकार’ लिहा. ‘आधुनिक बर्लेस्क’ लिहिलंत तर वाचक तो निओ समजेल. नुसता साज असला आणि थट्टा नसली तर त्याला बर्लेस्क म्हणावं का, हा त्यांच्यातला जुना वाद आहे. मला थट्टेची बाजू पटते.

‘व्हिंटेज’ मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा शब्द. पोशाखाबाबत तो खरोखर त्या काळात शिवलेल्या कपड्याला लावतात. जुन्या बेताने आज शिवलेला कपडा ‘रिप्रो’. रंगमंचावर बहुधा रिप्रोच दिसतो, कारण सत्तर वर्षांचं रेशीम घाम आणि ओढाताण सोसत नाही, शिवणीशी फाटतं. म्हणून ‘व्हिंटेज स्टाइल’ला ‘जुन्या हॉलिवूडच्या थाटाची’ म्हणा. ‘जुनाट’ म्हणजे टाकाऊ, तो नकोच.

‘ग्लॅमर’ची गंमत वेगळी. तो ‘ग्रामर’चाच स्कॉटिश अवतार. शिकलेल्यांना मंत्रतंत्र येतात या समजुतीतून त्याचा अर्थ ‘भूल, जादू’ झाला. म्हणजे आपलं ‘मोहिनी घालणं’ मूळ अर्थाला फार जवळचं. ‘झगमगाट’ दिव्यांचा असतो आणि ‘सौंदर्य’ जन्मजात असू शकतं. हे ग्लॅमर तर पिन-कर्ल, लाल लिपस्टिक आणि आयलायनरच्या टोकाने घडवलेलं असतं. ‘नटणं-मुरडणं’ वापरून पाहा, त्यात साज आणि हालचाल दोन्ही येतात.

बारीकसारीक शब्दही अडवतील. ‘ग्लव्ह पील’चं ‘हातमोजा सोलणं’ केलंत तर केळं आठवेल. कृती अशी असते: कोपराच्या वर जाणारा सॅटिनचा मोजा आधी बोटाबोटाच्या टोकाशी ओढून सैल करायचा, मग दातांत टोक धरून सावकाश खेचायचा. बोटं सैल न करता वरून गुंडाळत आणला तर तो उलटा होऊन मनगटाशी अडकतो आणि सगळी नजाकत जाते. ‘हातमोजा सावकाश ओढून उतरवणं’ पुरे. मागे शिवण असलेल्या नायलॉनच्या मोज्यांना ‘पाठशिवणीचे मोजे’ म्हणायचा मोह आवरा, लोक धावायला लागतील. ‘पेस्टीज’ म्हणजे स्तनाग्रांवर चिकटवायच्या टिकल्याजडित चकत्या. त्यांना लटकतो तो ‘टॅसल’ म्हणजे आपला गोंडा. या चकत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावतात आणि त्वचेवर तेल किंवा लोशन असेल तर भर नाचात सुटतात. छपाईपूर्वी हा शब्द स्वतः तपासा, नाहीतर मुद्रितशोधक ‘पेस्ट्रीज’ करून टाकेल.

‘स्ट्रिपर’ला भारदस्त शब्द हवा म्हणून 1940मध्ये अमेरिकी लेखक एच. एल. मेंकेनने ‘एक्डिझिअस्ट’ घडवला, कात टाकण्याच्या शास्त्रीय संज्ञेवरून. लेखात तो आला तर ‘कातटाकी’ म्हणून बघा. मेंकेनचा खट्याळपणा थोडा तरी उतरेल.

रंगमंचीय नावांचा अनुवाद अजिबात करू नका. 2004ची ‘मिस एक्झॉटिक वर्ल्ड’, म्हणजे बर्लेस्क स्पर्धेतली विजेती, होती डर्टी मार्टिनी. हे ऑलिव्हचं खारं पाणी घातलेल्या कॉकटेलचं नाव आहे. ‘घाणेरडी मार्टिनी’ छापलंत तर कोटीही गेली आणि बाईंचा अपमानही झाला.