सम कुठे, टाळी कुठे : एला फिट्झजेराल्डबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकी गायिका एला फिट्झजेराल्ड (१९१७–१९९६) हिने गायलेली जाझ आणि नाटकांतली जुनी गाणी कशी ऐकावीत, याबद्दल नागपूरच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : बरीच वर्षं शास्त्रीय संगीत ऐकतो आहे. मुलीने एलाची गाणी पाठवली. आवाज गोड आहे, सुरेलही आहे. पण राग नाही, आलाप नाही, तीन-चार मिनिटांत गाणं संपतं. यात ऐकायचं नेमकं काय? (धरमपेठ)

तालापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचा कान तयार आहे. यातली बहुतेक गाणी ३२ बारांची असतात आणि एका बारात चार मात्रा. सगळ्यात जास्त आढळणारा घाट असा : आठ बारांची एक चाल, तीच चाल पुन्हा, मग आठ बार वेगळी चाल, आणि शेवटी परत पहिली. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, तीनतालाची दोन आवर्तनं. सबंध गाणं आठ आवर्तनांत बसतं. मधल्या वेगळ्या तुकड्याला ब्रिज म्हणतात. त्याला अंतरा समजू नका. अंतरा तार षड्जाकडे चढतो, ब्रिज पुष्कळदा षड्जच बदलून येतो.

‘समवन टू वॉच ओव्हर मी’ हे जॉर्ज गर्श्विनचं १९२६ च्या ‘ओह, के!’ नाटकातलं गाणं घ्या आणि बोटांवर मोजा. दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं म्हणजे, मुख्य गाण्याआधी सैल लयीतला एक तुकडा असतो, त्याला व्हर्स म्हणतात. तो गझलेआधीच्या साखीसारखा; तिथे मोजायचंच नाही. लय बांधली गेली की मोजणी सुरू करा. दुसरं, लय संथ असल्यामुळे आपण नकळत दुगुन मोजतो. ब्रिज १६ बारांनंतर यायला हवा. तुमच्या हिशेबात तो ३२ नंतर आला, तर मोजणी दुप्पट झाली आहे.

मग टाळी. आपला हात समेवर पडतो. इथे चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथीवर ड्रमवाल्याची पायाने मिटणारी झांज वाजते, टाळी तिच्याबरोबर द्यायची. पहिलीवर आणि तिसरीवर दिली की गाणं कवायतीसारखं वाटायला लागतं. शिवाय चालत्या लयीत मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, तिस्र जातीच्या (मात्रेचे तीन भाग) जवळपास. ‘स्विंग’ म्हणतात तो हाच झोल. एलाचा शब्द त्या झोलावर इतका नेमका बसतो की ठेका बंद केला तरी लय कळावी.

राग नाही हे खरं, पण त्याची जागा रिकामी नाही. स्वर तोच राहतो आणि खालची स्वरसंगती, म्हणजे कॉर्ड, बदलते. त्यामुळे त्याच स्वराचा रंग बदलतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे पकडायला वेळ लागतो. कोल पोर्टरच्या ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ (१९४४) पासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं. गाण्याच्या शब्दांतच ‘मेजरचं मायनर होतं’ असं येतं आणि नेमक्या त्या जागी साथीतली कॉर्डही मेजरची मायनर होते; आपल्या भाषेत शुद्ध धैवताचा कोमल होतो. एलाने ते १९५६ मध्ये गायलं आहे. त्या जागी ती आवाजाने काहीही दाखवत नाही. सरळ गाते आणि कॉर्डला तिचं काम करू देते.

आता असा अभ्यास करा. ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ आणि ‘बट नॉट फॉर मी’ ही दोन्ही गाणी तिने १९५० मध्ये डेका कंपनीसाठी गायली, साथीला फक्त एलिस लार्किन्सचा पियानो. १९५९ मध्ये तीच गाणी व्हर्वसाठी नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदाबरोबर गायली. आधी १९५० चं, लगेच १९५९ चं, मग पुन्हा १९५० चं. फक्त एका ओळीवर लक्ष ठेवा : शब्द मात्रेवर पडतो की किंचित मागे, श्वास कुठे घेतला, शेवटचा स्वर सपाट धरला की कंप दिला. पियानो एकटा असला की ती ओळ मागे रेंगाळू देते. वाद्यवृंदाची मांडणी कागदावर बांधलेली, तिथे तेवढी मोकळीक नसते. १९५९ च्या ‘बट नॉट फॉर मी’ला ग्रॅमी मिळालं, तरी आमचं मत १९५० च्या बाजूने.

हे सगळं फोनच्या स्पीकरवर करू नका. जाझची लय डबल बासवर उभी असते आणि त्याची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ते स्वर येतच नाहीत, मग ठेका हरवतो आणि गाणं नुसतं गुळचट वाटतं. साधा वायरचा हेडफोन पुरेसा आहे. ‘बास बूस्ट’ बंद ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसून तर नकोच. कूलरची घरघर नेमकी खालचे स्वर खाते. पहाटे ऐका.

प्रश्न : ही गाणी नाटकांतली. मग मोठे गायक ती मैफलीत का गातात? (लक्ष्मीनगर)

हा प्रश्न नागपुरात पडावा याची गंमत वाटली. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यातली वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेली पदं नाटक न पाहिलेल्यांनाही पाठ आहेत. न्यूयॉर्कच्या नाटकांतल्या गाण्यांचं हेच झालं, फक्त जास्त टोकाला गेलं. ‘द मॅन आय लव्ह’ हे १९२४ च्या ‘लेडी, बी गुड!’मधून प्रयोग न्यूयॉर्कला पोचण्याआधीच गाळलं गेलं, तरी गाणं जगलं.

एक फरक मात्र विसरू नका. आपल्या अनेक नाट्यपदांमागे एखादी बंदिश किंवा राग असतो, त्यामुळे गवई ते हवं तेवढं फुलवतो. तिकडच्या गाण्यामागे फक्त ते गाणंच असतं. फुलवायचं ते त्याच ३२ बारांच्या चौकटीत, पुन्हापुन्हा फिरून.

प्रश्न : स्कॅट म्हणजे त्यांचा तराणाच ना? (प्रतापनगर)

नाही, दिसायला तसा आहे. तराण्याचे बोल ठरलेले आणि बंदिश आधी बांधलेली. स्कॅटमधले निरर्थक बोल आयत्या वेळी येतात आणि ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या फुंकरीची नक्कल करतात. तानेच्या अधिक जवळचा प्रकार आहे, फक्त तान रागात चालते आणि हा कॉर्डवर.

१३ फेब्रुवारी १९६० ची बर्लिनची मैफल ऐका. साथीला पॉल स्मिथ (पियानो), जिम हॉल (गिटार), विल्फ्रेड मिडलब्रुक्स (बास), गस जॉन्सन (ड्रम). त्यातल्या ‘हाऊ हाय द मून’मध्ये आधी गाणं शब्दांत येतं, मग स्कॅट सुरू होतो. बास ३२ बार तसेच फिरवत राहतो. तुम्ही मोजणी सोडू नका, म्हणजे ती प्रत्येक फेरीची सम कशी गाठते ते कळेल. मधेच ती दुसऱ्या गाण्यांचे तुकडे पेरते. चार्ली पार्करची ‘ऑर्निथॉलॉजी’ ही चाल याच गाण्याच्या कॉर्डवर बांधलेली, ती तिथे येते. ‘स्मोक गेट्स इन युअर आइज’ या गाण्यातल्या धुराचा घाम करून तो आपल्या डोळ्यांत गेल्याचंही ती गाऊन टाकते.

त्याच मैफलीत ‘मॅक द नाइफ’चे शब्द ती विसरली. थांबली नाही, विसरल्याचंच गाणं केलं, हे गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं त्यात गोवली, आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढला. मूळ गाणं १९२८ च्या बर्लिनच्याच ‘थ्री पेनी ऑपेरा’तलं. विसरणं अनेकांना जमतं. इथे कान द्यायचा तो याकडे, की शब्द सुटले तरी ओळीची लांबी एकदाही चुकत नाही.

प्रश्न : ‘साँग बुक’ आठ आहेत म्हणे. सगळी ऐकायची का? (सदर)

सलग नको. एकेका गीतकार-संगीतकाराची गाणी घेऊन निर्माता नॉर्मन ग्रांझने व्हर्वसाठी ही मालिका केली : कोल पोर्टर आणि रॉजर्स-हार्ट १९५६, ड्यूक एलिंग्टन १९५७, अर्विंग बर्लिन १९५८, गर्श्विन बंधू १९५९, हॅरॉल्ड आर्लेन १९६१, जेरोम कर्न १९६३, जॉनी मर्सर १९६४. शेवटचा मर्सर तेवढा केवळ गीतकार म्हणून निवडलेला. गर्श्विनच्या संचात पाच एलपी आणि ५३ गाणी. दिवसाला दोन ऐकली तरी पुष्कळ. सुरुवात कोल पोर्टरने करा. बिली मेची आर्लेनमधली वाद्यमांडणी आम्हाला सगळ्यात ताजी वाटते. रॉजर्स-हार्टमधली बडी ब्रेगमनची साथ काही ठिकाणी फार इस्त्री केलेली आहे.

वाद्यवृंदाचा कंटाळा आला तर लुई आर्मस्ट्राँगबरोबरची ‘एला अँड लुई’ (१९५६). ऑस्कर पीटरसनचा पियानो, रे ब्राउनचा बास, हर्ब एलिसची गिटार, बडी रिचचे ड्रम, बस. आणि ‘तिच्या गाण्यात दुःख नाही’ असं म्हणणाऱ्यांनी पॉल स्मिथच्या एकट्या पियानोबरोबरचं १९६० चं ध्वनिमुद्रण ऐकावं, त्यातलं ‘अँजल आइज’ विशेष. ती रडत नाही हे खरं.

प्रश्न : जुन्या बाजारात एलाच्या दोन एलपी आणि एक ७८ ची तबकडी मिळाली. एलपी थोडी वाकली आहे. स्वच्छ कशी करू? (महाल)

७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका. ती बहुधा लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी विनाइलची. तिच्यासाठी डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं चालेल, नळाचं नको, क्षार राहतात), अर्ध्या लिटरला भांडी धुण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब, आणि मऊ मायक्रोफायबर कापड. खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून सावलीत उभी वाळवा. घाईत ओलीच वाजवली तर खाचेतला मळ सुईला चिकटतो.

दोघींची सुईही वेगळी. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ३ हजारांश इंच टोकाची सुई लागते, एलपीला १ हजारांश किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ वर तळाशी घासते आणि खरखर देते. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर ठेवलीत तर एलपी संपली. सुईचा भार कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने दिला असेल तेवढाच. हल्लीच्या बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम. सुई उडते म्हणून वर नाणं ठेवू नका.

वाक सौम्य असेल, सुई उड्या मारत नसेल, तर तसंच वाजवा. इस्त्री, ओव्हन, गच्चीवरचं ऊन यांतलं काही नको. खाच बिघडली की ती परत येत नाही. फार तर दोन जाड सपाट काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या आणि काही आठवडे विसरून जा. पूर्ण सरळ होईलच असं नाही. तबकड्या उभ्या ठेवा, तिरप्या नाहीत, पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर नाहीत. पंचेचाळीस अंशांच्या दिवसात उन्हात उभ्या बंद गाडीत तासभर राहिलेली एलपी ताटलीसारखी होते. कूलरच्या झोतातही नको, कव्हरला बुरशी धरते.

आणि कव्हर नीट वाचा. कोल पोर्टरचं १९५६ चं ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. स्टिरिओ एलपी बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून. त्यावर ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ’ असं छापलं असेल, तर मोनोच दोन बाजूंना वेगवेगळं गाळून दिलेलं आहे. आवाज पोकळ येतो, एला विहिरीतून गाते आहे असं वाटतं. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा. पोकळपणा थोडा कमी होतो आणि खरखरही.