मोटरहोम घेण्याआधी छतावर चढ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून अमेरिकेत येणार आणि ते येण्याआधी चौतीस-पस्तीस फुटी जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन त्यांना यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान दाखवायचं, हा तुझा बेत मनापासून आवडला. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

तू पाठवलेल्या जाहिरातीत एकच गोष्ट ठळक केली आहे : '१५ वर्षं जुनी, फक्त १४ हजार मैल'. कार असती तर ही जमेची बाजू होती. इथे मात्र याचा अर्थ, गाडी वर्षातले अकरा महिने ऊन-पाऊस-बर्फ खात उभी होती. अशा गाडीचं रबर वाळतं, सील आकसतात, जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून त्याचा चिकटा बसतो. म्हणून मैलांवर भाळू नकोस. आधी पाणी कुठे शिरलंय ते शोध. इंजिन दुरुस्त होतं. कुजलेलं घर सहसा परवडेल अशा पैशांत दुरुस्त होत नाही.

भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ थर, त्यामागे प्लाय, मग फोम आणि हे सगळं गोंदाने चिकटवलेलं. छताच्या कडेच्या पट्टीतून किंवा स्कायलाइटच्या फटीतून थेंब थेंब पाणी उतरलं की गोंद सुटतो आणि बाहेरचा थर फुगतो. याला डीलॅमिनेशन म्हणतात. सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीच्या एका टोकाला उभा राहा, गाल जवळजवळ भिंतीला लाव आणि लांबवर नजर टाक. समोरून सपाट दिसणारी भिंत अशी पाहिली की फुगवटा लगेच कळतो. तिथे बोटाने टकटक कर, आवाज पोकळ येईल.

मग शिडी लावून छतावर चढ. रबरी छतावर गुडघे टेकून सावकाश सरक. जिथे दबल्यासारखं वाटेल, तिथला प्लाय गेला. व्हेंट, एसी, अँटेना यांच्याभोवतीच्या सीलंटला, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाला, भेगा आहेत का ते पाहा. एकाच जागी नवं कोरं सीलंट जाड थापलेलं दिसलं, तर ते कधी आणि का लावलं हे विचार. आत आल्यावर वरच्या कपाटांचे सगळे कोपरे उघडून हात फिरव, तीस-चाळीस डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र लावून बघ. स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, पूर्ण बाहेर काढायला लाव आणि तिच्या कोपऱ्याशी जमिनीवर टाच दाब. पुष्कळ गाड्या तिथेच मऊ निघतात.

नळांचं पाणीही तपासायचंच. 'गाडी विंटराइज केली आहे (थंडीसाठी पाइपांतलं पाणी काढून टाकलं आहे), पाणी चालवता येणार नाही' हे उत्तर उत्तरेकडच्या राज्यांत हमखास मिळतं. ते मान्य करू नकोस, कारण थंडीत फुटलेला पाइप पाणी भरल्याशिवाय दिसत नाही. थंडी ओसरेपर्यंत थांब, पण पाणी चालवून बघच. टाकी भर, पंप लाव, एकेक नळ उघडून हवा जाऊ दे आणि सगळे बंद कर. पंप थांबला पाहिजे आणि दहा मिनिटं गप्प राहिला पाहिजे. मध्येच तो 'गुर्र' करून पुन्हा चालला, तर कुठेतरी गळतंय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गेला आहे. सिंकखाली, टॉयलेटमागे आणि वॉटर हीटरजवळ विजेरी मारून पाहा.

टायरच्या नक्षीवर जाऊ नकोस. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाच : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी सहा-सात वर्षांनंतर टायरवर भरवसा ठेवू नये. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरचा आकडा बघायला खाली वाकावं लागेल, ते टाळू नकोस. सहा टायर बदलायला दोन-तीन हजार डॉलर सहज जातात, तेवढे किमतीतून कमी करून माग.

वजनाकडे फार कमी लोक बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. दाराजवळ एक पिवळं-पांढरं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील आणि सीटबेल्टच्या जागा किती, हे दोन्ही त्यावर लिहिलेलं असतं. समज, आकडा १,५०० आहे. तुम्ही चौघे मिळून ६०० धर. पिण्याच्या पाण्याची ७५ गॅलनची टाकी भरली की ८.३ पाउंड प्रति गॅलनने आणखी सव्वासहाशे गेले. उरले पावणेतीनशे, त्यात बॅगा, कुकर, खुर्च्या आणि आईचा सगळा कोरडा शिधा. मागे कार ओढायची असेल तर आणखी एक हिशेब. हिचवर, म्हणजे कार जोडायच्या मागच्या आकड्यावर, ५,००० पाउंड लिहिलेलं असतं, पण गाडीच्या वजनाची कमाल मर्यादा २२,००० आणि गाडी-कार मिळून २६,००० असेल, तर पूर्ण भरलेल्या गाडीला ४,०००च ओढता येतात. घेण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी एकदा उभी कर.

विजेचं थोडक्यात : बाहेरची वीज घ्यायला ३० अँपची जोडणी असलेली गाडी ३,६०० वॉटच घेते, ५० अँपची १२,०००. जुलैत दोन एसी एकदम लावायचे असतील तर ५० अँपचीच बघ. जनरेटर एसी लावून अर्धा तास तरी चालव.

प्रोपेन गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला बरेच तास लागतात, त्यामुळे तो आदल्या दिवशी सुरू करून ठेवायला सांग. बाहेरून त्याचं झाकण उघड. पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर त्याचं कूलिंग युनिट संपलं. इंजिन मात्र थंडच ठेवायला सांग. या वयाच्या गाडीत बहुधा फोर्डचं ६.८ लिटरचं, दहा सिलिंडरचं व्ही-टेन असेल. त्याच्या एग्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या भागाचे) स्टड, म्हणजे बोल्ट, तुटतात आणि थंड असताना टिकटिक ऐकू येते. तापलं की ती दबते. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

कागदांत टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, बँकेचा बोजा नाही ना, ते पाहा. चॅसिसचं (इंजिन-चाकांसह खालच्या सांगाड्याचं) वर्ष अनेकदा घराच्या वर्षापेक्षा एखाद्या वर्षाने जुनं असतं, त्यात फसवणूक नाही. चॅसिसचे पार्ट मागवताना मात्र चॅसिसचंच वर्ष सांगायचं. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बाकी राहिलेले रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने करून द्यायच्या दुरुस्त्या, सरकारी संकेतस्थळावर बघता येतात.

यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात (मोटरहोम उभ्या करायच्या तळावर) मिळतात, तिथलं आरक्षण लवकर कर. तिथून ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात जायचं झालं तर तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांहून लांब गाडीला बंदी आहे; तिथे कार किंवा बस लागेल.

विकणाऱ्याला आजच फोन कर : फ्रिज शुक्रवारी सुरू, इंजिन थंड, पाण्याची टाकी रिकामी, ती तू स्वतः भरशील. शिडी, विजेरी आणि जुनी पँट बरोबर ने. दर तासाभराने फोटो पाठव, मी इथे बघत असेन.

तुझा,
काका