वाचक विचारतात : माती, गादी आणि कंबोडियाची लाथ

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची, तालमीत 5 वर्षं कुस्ती करते. मोबाईलवर कंबोडियाच्या नोउ स्रेय पोव हिच्या लढती बघून आता ‘तोच खेळ शिकायचा’ म्हणून हटून बसलीय. कुस्तीचा काही उपयोग होईल, की सगळं पहिल्यापासून? – एक पालक, गंगावेस

उत्तर : तो खेळ म्हणजे कुन खमेर, यालाच प्रडाल सेरेय असंही म्हणतात. ठोसा, लाथ, गुडघा आणि कोपर हे चारही चालतात. नोउ स्रेय पोव याच खेळातून पुढं आली आणि वन चॅम्पियनशिप या मार्शल आर्ट्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या रिंगणातही लढली.

कुस्तीचा उपयोग होतो, आणि चांगलाच होतो. दोघी अंगाला भिडल्या की मानेच्या पकडीतून गुडघे चालतात. तिथं खडाखडीत, म्हणजे उभ्यानं होणाऱ्या हातांच्या झटापटीत, कमावलेली मान, मनगट आणि कंबर कामाला येते. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून समोरचीच्या डोक्याच्या मागच्या बाजूला घ्यायचे, कोपरं तिच्या छातीला चिकटवायची, डोकं खाली ओढायचं आणि कंबर पुढं ढकलत गुडघा वर आणायचा. बोटांत बोटं गुंतवू नयेत, पडताना मुरगळतात.

पण एक सवय मात्र मोडावीच लागेल. कुस्तीत आपण वाकून, डोकं पुढं घालून पटात, म्हणजे समोरचीचे पाय धरायला, शिरतो. इथं तसं शिरलं की समोरचीचा गुडघा थेट तोंडावर येतो. शिवाय पट काढून पाडलं तरी गुण नाहीत. म्हणून पहिले दोन महिने नुसतं ताठ उभं राहणं, हनुवटी आत आणि हात गालापाशी, एवढंच घोटून घ्या. कंटाळवाणं आहे, पण दमल्यावर शरीर जुन्याच सवयीवर जातं, म्हणून हे टाळता येत नाही.

प्रश्न : तालमीच्या मातीच्या हौदातच लाथेचा सराव केला तर चालेल का? – तीच मुलगी

उत्तर : नको. फिरत्या लाथेत टेकवलेल्या पायाचा चवडा वळायला हवा, इतका की टाच समोरचीकडं यावी. लाल माती मऊ असते, पाय त्यात रुततो, वरचं अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. गादीवर, अनवाणी करा.

आधी पुढचा पाय थोडा तिरका बाहेर टाका, मग चवडा वळवा, मग कंबर पूर्ण फिरवा. त्याच बाजूचा हात खाली झटकायचा, दुसरा हनुवटीशीच. मार नडगीच्या खालच्या भागाचा बसला पाहिजे. पाऊल लागलं तर पावलाची वरची बाजू सुजते. सुरुवातीची ही चूक बहुतेकांची होते, कारण मुली लांबून लाथ मारतात. अर्धं पाऊल आत या.

नडगी कणखर व्हावी म्हणून बाटली किंवा लाटणं फिरवू नका. त्यानं हाड मजबूत होत नाही, नुसतं दुखतं. टांगलेल्या सरावाच्या बॅगेवर आठवड्यातून 3 दिवस, प्रत्येक पायानं 30 लाथांपासून सुरुवात करा आणि हळूहळू 100 वर न्या. बॅग जुन्या साड्या, चिंध्या दाबून भरा. वाळू भरली की ती तळाशी बसते आणि तो भाग दगडासारखा होतो. नडगीवर एकाच बिंदूत, बोटानं दाबल्यावर कळ येत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : हाताला पट्टी किती लांब घ्यावी? – कसबा बावडा

उत्तर : साडेचार मीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद. अंगठ्यात फास अडकवा, मनगटाला 3 वेढे, मुठीच्या हाडांवर 3, मग बोटांच्या फटींतून, आणि शेवट पुन्हा मनगटावर. बांधताना बोटं पसरून ठेवा. मूठ आवळून बांधली तर नंतर हात उघडताना पट्टी ताणली जाते, बोटं निळी पडतात.

प्रश्न : वजनगटासाठी पोरीचं 4 किलो झटपट कसं उतरवावं? – एक आई, वडणगे

उत्तर : उतरवू नका. पाणी तोडून, घाम काढून उतरवलेल्या वजनानं चक्कर येते, आणि डोक्याला मार लागला तर धोका वाढतो. वाढत्या वयात तिला वरच्या गटात खेळवा. पाळी चुकायला लागली तर ती खाण्यात कमी पडत असू शकते, म्हणून सरावाआधी आहार बघा. तालमीत पोरांना तूप-बदाम मिळतात, पोरींच्या ताटात कमी पडतं. हे थांबायलाच हवं.

प्रश्न : लढतीत वाजतं ते काय? – शिवाजी पेठ

उत्तर : स्रालाय हे सनईसारखं वाद्य, ढोल आणि छिंग म्हणजे छोट्या झांजा. आधी गुरूला वंदन करणारा कुन क्रू हा विधी संथ तालात होतो, आणि लढत तापेल तशी लय चढते. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात हलगी कडाडली की पैलवानाची चाल बदलते, तसंच.