स्पोर्टी गाडी वळणावर कितपत चांगली चालते, आणि ते कशावर अवलंबून असते?

स्पोर्टी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या घाटातल्या वळणांवर खरोखरच चांगल्या चालतात का आणि त्यात इंजिनाच्या ताकदीचा वाटा किती, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात राहतो, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चालवतो आणि ताम्हिणीमार्गे कोकणात माझे नेहमी जाणे असते. माझ्या मते वळणावर इंजिनाचा वाटा फार थोडा असतो. गाडी वळते ती टायरच्या पकडीवर. सस्पेन्शन (चाके आणि गाडी यांना जोडणारी स्प्रिंग-शॉकची रचना), वजनाची वाटणी आणि गाडीची उंची यांचे काम चारही टायर रस्त्याला नीट टेकवून ठेवणे एवढेच असते.

पकड किती लागते, हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी नेली, तर टायरवर येणारा बाजूचा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे ०.४ पट असतो. तेच वळण ताशी ६० ने घेतल्यास तो सुमारे ०.९५ पट होतो, म्हणजे वेग दीडपट केला की जोर सव्वादोन पट होतो. रोजच्या वापराचा चांगला टायर कोरड्या डांबरावर साधारण ०.८ ते ०.९ पटीपर्यंत साथ देतो. पावसात ही मर्यादा बरीच खाली येते. त्यामुळे ताशी ४० ला अगदी निवांत वाटलेले वळण ६० ला कोणत्याही सामान्य गाडीच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते.

गाड्या-गाड्यांमधला खरा फरक पडतो तो वजन एका बाजूला सरकण्यामुळे. डावे वळण घेताना भार उजव्या चाकांवर जातो. आता, टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणजे बाहेरच्या चाकांनी जेवढी पकड कमावली, त्याहून जास्त आतल्या चाकांनी गमावलेली असते. गाडी जितकी उंच आणि चाकांमधले अंतर जितके कमी, तितका हा तोटा मोठा. उंच एसयूव्हीवर स्पोर्टचा बिल्ला लावला तरी हे गणित बदलत नाही. याउलट, १९९६ साली आलेल्या पहिल्या लोटस एलिसचे इंजिन जेमतेम ११८ अश्वशक्तीचे होते. पण गाडी बुटकी, इंजिन मध्यभागी आणि वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, त्यामुळे वळणांवर तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्या मागे पडत.

सस्पेन्शन जितके कडक तितके चांगले, हा समज मात्र आपल्या रस्त्यांवर महागात पडतो. कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे रोखणारा दांडा) यांनी गाडी कमी कलते हे खरे, परंतु वळणाच्या मध्यावर खड्डा किंवा उखडलेली खडी आली की कडक गाडीचे चाक उडते, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. तिथे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचा दर्जा कामी येतो. माझ्या पोलोला मागे दोन्ही चाके एकत्र जोडणारा साधा टॉर्शन बीम आहे, प्रत्येक चाकाला स्वतंत्र हलू देणारे मल्टिलिंक नाही. तरी शॉक चांगल्या अवस्थेत असल्याने ती भर वळणात आपली रेषा सोडत नाही.

टायरकडे एकूण पकड ठरावीकच असते आणि ती वळणे, ब्रेक आणि वेग वाढवणे यांत वाटली जाते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी संपवावा. पुढची चाके ओढणारी गाडी जास्त वेगाने आत शिरली की नाक बाहेर ढकलले जाते, ज्याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळण्यापेक्षा अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा. एकदम सोडल्यास भार पुढे येतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपूट घसरू शकते.

हवेचा दाब सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, तो टायर थंड असताना तपासावा. घाट उतरून आल्यावर पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या कडेवरून, हात फिरवून पाहावा: घासल्याची खरखर बाजूच्या भिंतीवर उतरली असेल, तर दाब कमी आहे किंवा वेग जास्त होता. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातल्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असूनही रबर जुने होऊन कडक झाले असेल, तर ओल्या रस्त्यावर ते दगा देते.

गाडी घ्यायची असेल, तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर चालवून निर्णय घेऊ नका. थोडे उखडलेले वळण शोधा, ते ताशी ३०-३५ ने घ्या आणि स्टिअरिंग एकदा वळवल्यावर मध्येच पुन्हा दुरुस्त करावे लागते का, एवढेच बघा. आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) ज्या मॉडेलमध्ये आहे, तेच घ्या. सनरूफपेक्षा पैसे तिथे खर्च झालेले बरे.